पस्तीस रात्री, अकरा मुक्काम : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

दोन अंकांपूर्वी मी इथे आमच्या न्यूझीलंडच्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आमचे हे लोकलचे मोटरमन होते. दोघंही निवृत्त झाल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही तिथल्या दक्षिण बेटावर गेलो आणि मागे गादी टाकलेली एक भाड्याची गाडी आणि पार्ल्याहून नेलेला तंबू यांच्यात पस्तीस रात्री राहिलो. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना एकेकटं लिहिणं जमलं नाही, म्हणून त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको जानेवारीत एकवीस दिवसांसाठी निघतोय. दोन्ही बेटं, सतरा ठिकाणं, गाडी भाड्याची, रात्री कॅम्पसाइटवर. तक्ता सोबत जोडलाय. काही सुटलंय का पाहाल? – मुलुंड

उत्तर : तक्ता तीनदा वाचला. सुटलेलं काहीच नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. एकवीसातले दोन दिवस मुंबईहून जाण्यायेण्यातच जातील. थेट विमान नाही, सिंगापूरला किंवा आणखी कुठे बदलावं लागतं, आणि घड्याळ साडेसात तास पुढे न्यावं लागतं. उरलेल्या एकोणीस दिवसांत सतरा ठिकाणं म्हणजे रोज संध्याकाळी तंबू ठोकायचा आणि सकाळी दंवाने भिजलेला तसाच गुंडाळायचा. ओला गुंडाळलेला तंबू तिसऱ्या दिवशी उघडून बघा, कुबट वासाने आत जाववणार नाही.

उत्तर बेट या खेपेला काढून टाका. दक्षिण बेट एकटंच जवळजवळ निम्म्या महाराष्ट्राएवढं आहे, आणि माणसं बारा लाखांच्या आसपास. तेवढ्यात सहा, फार तर सात मुक्काम ठेवा. डोंगरातल्या प्रत्येक मुक्कामाला तीन रात्री तरी हव्यातच. आणि जमलं तर जानेवारी टाळा. तेव्हा तिथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तंबूंचे तळ भरलेले असतात. ६ फेब्रुवारीला त्यांचा वैतांगी दिवस, म्हणजे राष्ट्रीय दिवस असतो, तो झाला की गर्दी ओसरते आणि दिवस अजून मोठेच असतात.

हे मी कुठल्या अनुभवावरून म्हणते ते सांगते. आमचाही पहिला तक्ता असाच होता, तो यांनी केला होता. छत्तीस वर्षं लोकल चालवलेला माणूस, स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबून पुढे निघायची सवय. त्यांच्या तक्त्यात मिनिटंसुद्धा होती. टेकापोच्या तळ्याला एक रात्र, आओराकीला, म्हणजे माउंट कुकला, एक रात्र. टेकापोला सकाळी मी चहाचा कप घेऊन तळ्याच्या काठावर उभी होते. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते, ते पीठ इतकं बारीक असतं की पटकन तळाशी बसतच नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि उन्हात पाणी दुधी निळं दिसतं. एकतीस वर्षं हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवत आले होते. आता ते पाणी माझ्या पायाशी होतं. तेवढ्यात हे मागून म्हणाले, "चल, उशीर होतोय." मी विचारलं, "कशाला?" त्यावर ते गप्प झाले. मलाही काही सुचेना. दोघं तिथेच दगडावर बसलो.

त्याच दिवशी आओराकीच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल या तळावर एका रात्रीसाठी पोचलो, आणि पाच रात्री राहिलो. पहिला दिवस ढगात गेला. ३,७२४ मीटर उंचीचा डोंगर समोर उभा असून दिसेना. दुसरा दिवस पावसात गेला. तक्त्याप्रमाणे निघालो असतो तर न बघताच निघालो असतो. तिसऱ्या दिवशी पहाटे हे लघवीला उठले आणि त्यांनी मला हाक मारली. डोंगर चांदण्यात पूर्ण उघडा होता. एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी, १९४८ साली, एडमंड हिलरी आणि त्यांच्या सोबत्यांनी याच डोंगराची दक्षिण धार पहिल्यांदा सर केली होती. तिथून पुढचे दोन दिवस आम्ही वेगळं काही केलं नाही. तळावरून कीआ पॉइंटला जाणारी तासाभराची वाट आहे, ती रोज चालायची. वर बसायचं. समोरच्या सेफ्टन शिखरावरून बर्फाचे कडे सुटतात, त्यांचा गडगडाट आधी ढगांचाच वाटतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आवाजावरून नजर कुठे टाकायची ते ओळखू लागलो. एका दिवसात हे येत नाही.

आणि रात्री. टेकापोपासून आओराकीपर्यंतचं आकाश २०१२ पासून अंधारासाठी राखून ठेवलेलं आहे, दिव्यांवर बंधनं आहेत. आपलं मृग नक्षत्र तिथे उलटं दिसतं, हरणाचे पाय वर. सप्तर्षी नाहीतच. अगस्तीचा तारा मुंबईहून हिवाळ्यात दक्षिणेच्या क्षितिजाजवळ दिसतो आणि इमारतींमागे हरवतो. तिथे तो जवळजवळ डोक्यावर होता. अगस्ती ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत, ही गोष्ट मी वर्गात सांगायची. मान वर करून यांना ती पुन्हा सांगितली. यांनी ती माझ्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

प्रश्न : आम्ही दोघंही साठीचे, माझे गुडघे दुखतात. तंबू घ्यावा की कॅम्परव्हॅन? रात्री संडासचं काय? आणि रस्त्याच्या कडेला कुठेही गाडी लावून झोपता येतं, असं ऐकलं ते खरं का? – डोंबिवली

उत्तर : गुडघे दुखत असतील तर झोपायला गाडीच घ्या. जमिनीवरून उठणं पहाटेच्या पाच-सहा अंश थंडीत फार जड जातं. पण गाडी घेतलीत तरी छोटा तंबू बरोबर असू द्या. आम्ही जिथे दोनपेक्षा जास्त रात्री राहायचो तिथे तंबू उभा करून त्यात पिशव्या, खुर्च्या, शिधा ठेवायचो. मग दिवसा गाडी घेऊन बाहेर गेलं तरी घर मागे उभं राहतं. संध्याकाळी परत येताना लांबून आपला निळा तंबू दिसला की जसा जीव निवतो, तसा नुसत्या गाडीने निवत नाही.

संडासाचं म्हणाल तर निसर्गसंवर्धन खात्याचे रस्त्यालगतचे दोनशेहून अधिक तळ आहेत. साध्या तळावर खड्ड्याचा संडास आणि नळ, एवढंच. माणशी साधारण दहा ते वीस डॉलर, आणि तिथला डॉलर म्हणजे पन्नासेक रुपये. काही ठिकाणी पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे, मागायला कुणी उभं नसतं. खाजगी हॉलिडे पार्कात गरम पाणी, स्वयंपाकघर, कपडे धुवायचं यंत्र सगळं असतं. आम्ही दर तीन-चार रात्रींनी एक रात्र तिथे काढायचो, न्हाऊन-धुऊन पुढे. गुडघ्यांसाठी तुम्ही दोन काढा.

कुठेही गाडी लावून झोपता येतं, हे खरं नाही. २०२३ च्या कायद्याने नियम कडक झालेत. अशा फुकट जागी राहायचं तर बहुतेक ठिकाणी गाडीत पक्का बसवलेला संडास आणि सांडपाण्याची टाकी लागते आणि तसं हिरवं प्रमाणपत्र गाडीवर लावलेलं असावं लागतं. नुसतं गादी टाकलेल्या गाडीला ती परवानगी नाही. आमच्या गाडीला नव्हती, म्हणून आम्ही रोज तळावरच राहिलो. दंड मोठा आहे, पण मला त्याहून दुसरं वाटतं. आपण जिच्या काठी घाण करू, ती नदी कुणाच्या तरी प्यायच्या पाण्याची असते.

प्रश्न : खायचं काय नेता येतं? आम्ही शाकाहारी. विमानतळावर सगळं फेकायला लावतात म्हणे. – गिरगाव

उत्तर : फेकायला लावतात ते लपवलेलं. खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा, अगदी बडीशेपसुद्धा. न सांगितलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. मध, ताजी फळं-भाज्या, पेरली तर उगवेल असं बी, आणि दूध-तुपाचे पदार्थ नेऊच नका. दुधातुपाबद्दल बायकांना वाईट वाटतं, मलाही वाटलं, बेसनाचे लाडू करून ठेवले होते ते शेजारी वाटले. पण आपल्याकडच्या गुरांना लाळ्या-खुरकूत होतं आणि त्यांच्याकडे तो रोग नाही. तो देश दुधावर जगतो. त्यांची भीती खरी आहे.

आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं, गोडा मसाला आणि लसणीची चटणी नेली, सगळं घट्ट बंद पिशव्यांत, वर इंग्रजीत नावं लिहून. तिथल्या बाईंनी भाजणी हुंगून पाहिली, कशाची ते विचारलं आणि जाऊ दिली. निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा असतो, तेव्हा जे टाकायला लागलं तर डोळ्यांत पाणी येईल असं काही नेऊ नका. डाळ, तांदूळ, कणीक तिथे सगळीकडे मिळतं, क्राइस्टचर्चला भारतीय किराणाही मिळाला. तंबू, बूट आणि काठ्याही फॉर्मवर लिहायच्या आणि त्यांना मातीचा कण नको. मी यांच्या बुटांच्या तळव्यातली राजमाचीची लाल माती जुन्या टूथब्रशने काढली, एक अख्खी दुपार गेली.

तीन लिटरचा कुकर जरूर न्या. गॅसची डबी विमानात चालत नाही, तिथे विकत घ्या. वारं फार असतं, शेगडीभोवती आडोसा लागतो. पण आडोसा हवा म्हणून तंबूच्या किंवा गाडीच्या आत, दारं बंद करून शेगडी पेटवू नका, कितीही थंडी असो. त्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. हे मी ठळक अक्षरात छापायला सांगितलं असतं.

प्रश्न : बाई, मी तुमच्या सहावी-ब ची. मी आणि नवरा पुढच्या वर्षी जातोय. आपला गाडी चालवायचा परवाना चालतो का? – ठाणे

उत्तर : किती बरं वाटलं तुझं पत्र वाचून! परवाना इंग्रजीत असेल आणि मुदतीत असेल तर चालतो. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. फक्त एकेरी पुलांची सवय कर. तिथे मोठ्या रस्त्यावरही एकच गाडी मावेल असे पूल येतात. पाटी गोल आणि तुझ्या बाजूचा बाण छोटा, लाल असेल तर तू थांबायचंस. निळ्या चौकोनी पाटीवर तुझा बाण पांढरा, मोठा असेल तर जायचं, तरी समोर बघूनच. आम्ही वळणावळणाच्या रस्त्यावर साठ-सत्तरनेच जायचो. मागे गाड्या साठल्या की डावीकडे जागा बघून थांबायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. सगळे हात करून जातात.

प्रश्न : मिलफर्ड साउंडला तंबूत राहावं का? – वांद्रे पूर्व

उत्तर : मी नाही सांगणार. उंच कड्यांमधे आत शिरलेली ती समुद्राची खाडी, तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या मुंबईत बावीसशे-तेवीसशे पडतो तरी आपली काय गत होते! तुम्ही ते-आनाऊच्या बाजूला तळ ठोका आणि चांगला दिवस बघून एकशेवीस किलोमीटर जाऊन या. पाऊस असला तरी जा. कड्यांवरून शेकडो धबधबे सुटलेले असतात, आपल्या माळशेजचं रूप कितीतरी पटींनी.

दुसरी गोष्ट सँडफ्लाय. तिळाएवढी काळी माशी, पण चावली की आठवडाभर खाज. १७७३ साली कॅप्टन कुक तिकडे आला तेव्हा त्यानेही त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. चावते फक्त मादी. वाहत्या पाण्यात वाढतात, वारा असला तर उडत नाहीत, काळोख पडला की जातात. पूर्ण बाह्या, मोजे, फिक्या रंगाचे कपडे, आणि मलम तिथल्याच दुकानातून घ्या. तिथले मूळचे माओरी लोक सांगतात की देवाने हे कडे कोरून इतके सुंदर केले की मृत्यूची देवी हिने-नुइ-ते-पो हिला धास्ती पडली, माणसं इथून हलणारच नाहीत. म्हणून तिने या माश्या सोडल्या. सगळीकडे मुक्काम वाढवा म्हणणारी मी, तिथे मात्र देवीचं ऐकलं.

प्रश्न : ताई, विचारायला लाज वाटते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, मुलगी लग्न होऊन पुण्याला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे चार दिवसही कुठे गेलेलो नाही. यांना तुमचा लेख फार आवडला, महिनाभर जाऊ म्हणतात. एका तंबूत महिनाभर आम्ही बोलणार काय, याचीच मला भीती वाटते. – दादर

उत्तर : लाज वाटून घेऊ नका. मलाही हीच भीती होती, आणि मी ती कुणाला विचारली नव्हती.

आमच्या घरी पहाटे तीनला डबा असायचा, नाहीतर रात्री दीडला दार उघडायला उठायचं असायचं. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. एका खोलीत दिवा लावायचा नाही म्हणून मी वह्या स्वयंपाकघरात ओट्यावर तपासायची. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी जे बोललो ते बहुतेक निरोप होते. सिलिंडर लावलाय. फी भरली. आईंना डॉक्टरकडे नेऊन आणलं.

तिथेही पहिले पाच-सहा दिवस निरोपच चालले. पाणी आण. मेख घट्ट कर. तुमचंही तसंच होईल, होऊ द्या. कामं वाटून घ्या आणि ती बदलू नका. यांच्याकडे मेखा आणि दोऱ्या, माझ्याकडे शेगडी. दहाव्या दिवसापर्यंत आम्ही एक शब्द न बोलता वीस मिनिटांत तंबू उभा करायला लागलो होतो, आणि ते मला बोलण्याइतकंच वाटायला लागलं होतं. ते-आनाऊला भांडण झालं, भिजलेल्या स्लीपिंग बॅगवरून, दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अबोला. घरी अबोला धरला की माणूस गॅलरीत जातो, देवळात जातो, बहिणीला फोन करतो. तिथे हे तळ्याच्या काठाने चालत गेले आणि तिकडूनच परत आले, कारण जाणार कुठे?

मग आम्ही दक्षिणेच्या टोकाला, कॅटलिन्समध्ये क्युरिओ बे या तळावर सहा रात्री राहिलो. समुद्रात घुसलेला उंचवटा, वाऱ्यापासून आडोसा म्हणून फ्लॅक्सच्या उंच झुडपांच्या भिंती आणि त्यांच्या मधे तंबूच्या जागा. खाली किनाऱ्यावर १७-१८ कोटी वर्षांपूर्वीचं जंगल दगड होऊन पडलंय, ओहोटीला बुंधे दिसतात. ती झाडं उभी होती तेव्हा आपला भारत आणि तो देश एकाच भूखंडात होते, गोंडवनात, आणि ते नावही आपल्या गोंडांच्या मुलखाचं. मी यांना हे सांगितलं आणि यांनी खाली वाकून एका बुंध्यावर, खोडाच्या वर्तुळांना स्पर्श न करता, नुसता जवळ हात धरला.

त्या किनाऱ्यावर संध्याकाळी पिवळ्या डोळ्यांचे पेंग्विन समुद्रातून घरी येतात. फार थोडे उरलेत. त्यांच्यापासून पन्नास मीटर लांब थांबायचं, हलायचं नाही, आवाज करायचा नाही. माणूस वाटेत दिसला तर ते पाण्यात परत जातात आणि पिल्लं उपाशी राहतात. दोन संध्याकाळी आम्ही बसलो, कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी, तासभर गप्प बसल्यावर, हे समुद्राकडेच बघत, अगदी हळू आवाजात बोलायला लागले. यांच्या गाडीखाली एक माणूस आला होता, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. ब्रेक लावला तरी गाडी तिथल्या तिथे थांबत नाही. त्या दिवशी हे घरी आले होते, जेवले होते, झोपले होते. मी वाढलं असणार. मला काही कळलं नव्हतं. त्याच्या शर्टाचा रंग यांच्या लक्षात होता.

मी काही बोलले नाही. थर्मासमधला उरलेला चहा यांच्या कपात ओतला. थोड्या वेळाने एक पेंग्विन लाटेतून वर आला, दगडांवर उभा राहून अंग झाडलं आणि झुडपात चालत गेला. त्या रात्री आम्ही दोनपर्यंत जागे होतो.

तुम्ही काय बोलाल ते मी कसं सांगू? पण महिना कमी करू नका. पंधरा दिवसांत आम्ही निरोपांपर्यंतच पोचलो असतो. जायच्या आधी इथे दोन रात्री तंबूत काढून बघा. आम्ही पहिल्यांदा सोसायटीच्या गच्चीवर झोपलो, मग राजमाचीला. आमचा निळा तंबू माळ्यावर आहे, मेखा मोजून ठेवल्यात, चौदा. पार्ल्याला येऊन घेऊन जा. संपादकांकडे माझा पत्ता आहे. शनिवारी आलात तर हेही घरी असतात, दोऱ्यांच्या गाठी ते दाखवतील.